छातीतली शिट्टी

गुडघे टेकून, फूटपट्टीच्या टोकाने थोरला तो लिफाफा टेबलाच्या पायाखाली परत सारत होता. मायक्रोस्कोपच्या टेबलाचा मागचा एक पाय जरासा आखूड होता. शेजारून कोणी नुसतं चालत गेलं तरी भिंगाखालचं सगळं थरथरायचं. घडी घातलेला लिफाफा बरोबर त्या जाडीचा होता. फरशी पुसताना फडक्याच्या ओढीने तो थोडा बाहेर यायचा आणि थोरला कुणाला न सांगता तो पुन्हा आत सारायचा.

लिफाफ्यात धाकट्या भावाचं पत्र होतं. तीन वर्षांपूर्वी आलेलं. थोरल्याने त्याला उत्तर दिलं नव्हतं.

बायको गेल्यावर सांत्वनाची पुष्कळ पत्रं आली होती. त्या सगळ्यांना त्याने सुवाच्य अक्षरात चार-चार ओळींची उत्तरं पाठवली, शिपायालासुद्धा. धाकट्याच्या पत्रात मात्र सांत्वनाचा शब्द नव्हता. त्याने लिहिलं होतं, "दादा, वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीत सिगारेट ओढताना एक धून गुणगुणायची. तिचा पहिला अर्धा भाग मी तिला शिकवला होता, तुमच्या लग्नानंतरच्या सुट्टीत. पुढचा तिने मनाने जोडला. माझ्यापेक्षा तिचा चांगला होता, आणि आता तो मला आठवत नाही. ट्रंपेट घेऊन बसतो आणि अर्ध्यावर येऊन अडतो. तुझ्या कानात असेलच. कसंही करून कळव. तुझा, पिपाणी."

पिपाणी हे नाव तिनेच ठेवलेलं. ती घरात आली तेव्हा धाकटा शाळेत होता, आणि हातात मिळेल ते तोंडाला लावून फुंकत फिरायचा. पुढे तो मोठ्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवू लागला, लोक तिकिटं काढून ऐकायला येऊ लागले, तरी ती त्याला पिपाणीच म्हणायची.

ते पत्र वाचल्यावर थोरल्याला रडू आलं, पण त्याच्या आधी त्याच्या पोटात दुखलं. ती गुणगुणते हे त्याला माहीत होतं. काय गुणगुणते, हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. तो शेजारच्या खोलीत वाचत बसलेला असायचा. उत्तर लिहायचं तर काय लिहायचं? मला माहीत नाही, असं? आणि तेही त्याला?

"सर," दारातून ताईंचा आवाज आला, "तुमचे भाऊ आलेत."

लॅबमध्ये तपासणीला आलेल्या मांसाच्या तुकड्यांचे काप काढणाऱ्या आणि ते रंगवणाऱ्या या बाईंना सगळेच ताई म्हणत. त्यांचा चेहरा नेहमी परीक्षेच्या हॉलमध्ये असल्यासारखा असायचा. आज त्या तोंडावर हात धरून उभ्या होत्या.

"हसताय कशाला?"

"काही नाही सर. त्यांनीच काहीतरी सांगितलं."

आल्याला पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील, थोरल्याच्या मनात आलं. तो टेबलाचा आधार घेऊन उठला.

धाकटा दारातून वाकून आत आला. वाकायची काही गरज नव्हती. पण उंच माणसांची सवय. गळ्यात लाल मफलर, पोट जरा सुटलेलं, हातात पुठ्ठ्याची लहानशी पेटी.

"वाळलास रे दादा. ही माणसं तुला जेवू देत नाहीत, की तू नुसती पुस्तकंच खातोस?"

"बस."

"बसतो. तुला बरं वाटावं म्हणून बसतो." तो बसला आणि खोकला. मफलर तोंडाशी धरून बराच वेळ खोकत राहिला. मग मफलरची आतली बाजू बघून त्याने ती पटकन घडीत लपवली.

थोरल्याने ते पाहिलं. "पेटीत काय आहे?"

"छातीतून काढलेला माल. काचेवर आहे आणि मेणातही आहे. आणि हे वर्तमानपत्र." त्याने खिशातून रिपोर्ट काढून पुढे केला.

थोरल्याने चष्मा नीट केला. दुसऱ्या लॅबचा कागद. श्वासनलिकेत दुर्बीण घालून काढलेला तुकडा. खाली जाड अक्षरात: स्मॉल सेल कार्सिनोमा, फुप्फुसाचा झपाट्याने पसरणारा कॅन्सर. हे निदान त्याने जन्मभर लिहिलं होतं. पण वाचायची वेळ एकदाच आली होती, ती बायकोच्या कागदावर.

"सोमवारी केमो सुरू," धाकटा म्हणाला. "छातीचे डॉक्टर म्हणतात, थांबायला वेळच नाही. मी म्हटलं, माझा भाऊ आयुष्यभर हेच बघत आलाय, एकदा त्याच्या डोळ्याखालून जाऊ दे, मग काय ते करा." तो थोडा थांबला. "तेच ना दादा? वहिनीचं?"

"नाव तेच आहे."

"मग मला कल्पना आहे." त्याने मफलरचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि सोडलं. "वाजवता येईल का, एवढंच विचारलं मी त्यांना. तर म्हणाले, आधी जगायचं बघू. मी ओळखलं, हा गृहस्थ काही वाजवत नसणार."

थोरल्याला हसायला हवं होतं. त्याने पेटी उघडून काच बाहेर काढली.

"हे माझं अक्षर आहे," धाकटा म्हणाला.

तो खाली बघत होता. टेबलाच्या पायाखालून लिफाफ्याचा कोपरा बाहेर आला होता आणि त्यावर थोरल्याच्या पत्त्याची शेवटची ओळ होती, मोठ्या, उजवीकडे कललेल्या अक्षरांत.

थोरल्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला.

धाकट्याने टेबलावर तळवा ठेवून जरा दाबून पाहिलं. "हलत नाही ना आता?"

"नाही."

"मग झालं तर. कुठेतरी कामाला आलं." तो हसला, आणि ते हसू खोकल्यात गेलं. टेबलाला धरून तो वाकून खोकला. टेबल खरोखरच हललं नाही.

तो गेल्यावर बाहेरच्या खोलीत थोडा वेळ बोलण्या-हसण्याचा आवाज येत राहिला. मग दार लागलं. थोरल्याने काच मायक्रोस्कोपवर लावली.

तुकडा मोहरीएवढाही नव्हता. चिमट्याने तोडताना तो चिरडला गेला होता. पेशींची केंद्रकं ओढली जाऊन त्यांचे गडद निळे फराटे झाले होते, ओल्या शाईवरून कुणी अंगठा फिरवावा तसे. स्मॉल सेलच्या पेशी नाजूक असतात, चिमटा लागला की अशाच फरफटतात, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. त्या लॅबने आणखी दोन स्टेनही, म्हणजे पेशी ओळखायचे खास रंगही, केले होते आणि दोन्ही उमटले होते. गाठ न्यूरोएंडोक्राइन घराण्यातली होती, म्हणजे थोड्या मज्जापेशींसारख्या आणि थोड्या ग्रंथींसारख्या वागणाऱ्या पेशींची. त्यात शंका नव्हती. या घराण्याच्या एका टोकाला वर्षानुवर्षं जागच्या जागी बसून राहणाऱ्या गाठी असतात आणि दुसऱ्या टोकाला स्मॉल सेल. ते दोन स्टेन आडनाव सांगतात. स्वभाव सांगत नाहीत.

थोरल्याने काच इकडून तिकडे एकदा फिरवली.

"बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला.

"टाइप करून ठेवू, सर?" ताईंनी विचारलं. त्यांचा चेहरा पुन्हा नेहमीसारखा झाला होता.

"ठेवा. सही उद्या करतो."

घरी जाताना त्याला हलकं वाटत होतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याने पाव घेतला, दुकानदाराशी हवेबद्दल बोलला, एरवी तो कधी बोलत नसे. जिना चढून कुलूप उघडताना तो हलकेपणा त्याच्या लक्षात आला, आणि किल्ली कुलपात तशीच ठेवून तो उभा राहिला.

आईची मांडी धाकट्याची होती. गळा त्याचा, टाळ्या त्याच्या. पाहुण्यांमध्ये थोरला पाणी आणून द्यायचा आणि धाकटा गाऊन दाखवायचा. हे सगळं थोरल्याने केव्हाच सोडून दिलं होतं, निदान सोडून दिलं असं तो समजत होता. शेवटचे आठवडे मात्र त्याला सोडता आले नव्हते. बायको हॉस्पिटलात होती तेव्हा तो रोज तिच्या उशाशी बसायचा. कुठल्या औषधाने रक्तातलं काय किती उतरेल, हे त्याला वॉर्डातल्या डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. शनिवारी धाकटा यायचा. आल्या आल्या वर्तमानपत्राची गुंडाळी करून तोंडाला लावायचा, गाल फुगवायचा आणि न वाजणारा ट्रंपेट असा वाजवायचा की शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा उठून बसायची. ती हसायची. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची.

"हसवू नकोस तिला, धाप लागते," थोरला एकदा म्हणाला होता.

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं होतं. "लागू दे," ती म्हणाली होती.

तो आत गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिची राखेची बशी अजून तशीच होती, धुतलेली. आता तुलाही, असे दोन शब्द त्याच्या मनात आले. इतके स्पष्ट आले की त्याने मागे वळून पाहिलं. मग नळ सोडून तो हात धूत राहिला. हात स्वच्छच होते.

सकाळी तो लॅबमध्ये पोचला तेव्हा टाइप केलेला कागद टेबलावर ठेवलेला होता आणि फोन वाजत होता.

"दादा, मी. बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

"अजून सही केलेली नाही."

"बरं. तू सावकाश कर. तिकडून फोन आला होता, सोमवारी उपाशीपोटी यायचं का खाऊन, ते विचारून सांगणार आहेत. मी म्हटलं, शेवटचं जेवण असेल तर भरपेट..."

तो बोलत होता, आणि त्याचं वाक्य संपलं की श्वासाच्या टोकाला एक बारीक आवाज रिसीव्हरमध्ये येत होता. काल दोन हातांवर बसला असताना तो ऐकू आला नव्हता. फोनवर तोंड अगदी जवळ होतं म्हणून आला. शिट्टीसारखा. बारीक, एकाच सुरातला.

हा आवाज थोरल्याला माहीत होता.

त्या दिवशी स्वयंपाकघरात नळाशी उभा राहून धाकटा भांडी विसळत होता आणि त्याच्यामागे ती. हिरवे कपडे, केस वर बांधलेले, हातातली सिगारेट लांब धरलेली. तिने एकदम त्याच्या पाठीला कान लावला होता. "पिपाणी, तुझ्या छातीत शिट्टी कोण वाजवतंय रे?" मग कान सरकवून दुसऱ्या बाजूला. "इकडे नाही. उजवीकडेच आहे." डोळे मिटून ती ऐकत राहिली होती. धाकटा म्हणाला होता, "हलू नकोस वहिनी, उजवी रियाजाला बसलीय, डावीची सुट्टी आहे." दारात थोरला उभा होता, मिटलेल्या पुस्तकात बोट घालून. त्याच्या पाठीला कोणी असा कान लावला नव्हता. ते दोघं ते केव्हाच विसरले असतील. तो विसरला नव्हता. कितीदा तरी तो प्रसंग त्याने मनात काढून, उलटसुलट करून पाहिला होता. त्यातलं सगळं त्याच्याजवळ होतं: सिगारेटची राख सिंकमध्ये पडली होती, खिडकीला अजून जुनी गंजकी जाळी होती.

ती जाळी त्यांनी आठ वर्षांपूर्वी बदलली होती.

"दादा? आहेस का?"

"ती शिट्टी," थोरला म्हणाला, "तेव्हापासून आहे?"

"कुठली शिट्टी?"

"छातीतली. उजवीकडची. तिने पाठीला कान लावून ऐकली होती ती."

"हां, ती! ती आहे की. दमा म्हणतात, पंप देतात. हिवाळ्यात न्यूमोनिया होतो, तोही तिकडेच. सवयीचं झालंय." तो जरा थांबला. "पण तुला कशी आठवते? तू तर पुस्तकात होतास."

"होतो," थोरला म्हणाला. "सोमवारचं अजून नक्की धरू नकोस. मी फोन करतो."

रिसीव्हर ठेवल्यावर त्याने टाइप केलेला कागद उलटा करून बाजूला सारला. स्मॉल सेल आठ वर्षं शिट्टी वाजवत बसत नाही. तेवढे महिनेसुद्धा ते माणसाला देईलच असं नाही. आणि ट्रंपेटसाठीचा दम जाईल या भीतीने धाकट्याने जन्मात सिगारेट ओढली नव्हती.

त्याने ताईंना हाक मारली आणि तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक त्यांच्या हातात दिला. ताईंनी तो उजेडाकडे धरून पाहिला.

"यात काही उरलेलंच नाही, सर. त्यांनी बरंच कापलंय."

"किती काप निघतील?"

"दोन. देवाने दिला तर तिसरा. पातं नवीन लावते, पण चुकलं तर गेलं. पुन्हा नाही मिळायचं."

"एक साध्या रंगाला. बाकी केआयला."

केआयचा स्टेन ज्या पेशी वाढायच्या घाईत आहेत तेवढ्यांचीच केंद्रकं तपकिरी करतो. बाकीच्या निळ्याच राहतात. आडनाव एकच असलेल्या दोघांचे स्वभाव इथे वेगळे पडतात.

ताई यंत्रावर बसल्या. खोलीतल्या बाकीच्या मुलींना त्यांनी पंखा बंद करायला लावला. चाक फिरलं, आणि पात्यावर कांद्याच्या सालीहून पातळ मेणाची पट्टी उमटली. ती त्यांनी ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडली. पट्टी चुरगळली नाही. दुसरी आली. तिसरी अर्धीच आली आणि फाटली. "एवढंच," ताई म्हणाल्या आणि तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

स्टेन व्हायला दुपार होणार होती. थोरल्याने कालची काच पुन्हा लावली. तुकड्याच्या अगदी कडेला, खालच्या अंगाला, चिमटा न लागलेला एक लहानसा पुंजका होता. गोल, नीटस, एकमेकींसारख्या दिसणाऱ्या पेशी. केंद्रकांत मीठ-मिरीची बारीक पूड शिंपडावी तसे ठिपके. मेलेला भाग कुठे नाही. दुभंगणारी पेशी एकही नाही. त्याने तशी पेशी हट्टाने शोधली, पुंजक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि ती मिळाली नाही.

हा पुंजका काल त्याला दिसला नव्हता, असं नव्हतं. दिसला होता. तो पुढे गेला होता.

दुपारी ताईंनी दोन्ही काचा आणून ठेवल्या. बायकोची काच त्याने सगळ्यांचा सल्ला मोडून स्वतः पाहिली होती. तिच्यात तपकिरी नसलेली पेशी शोधावी लागली होती. आता त्याने केआयची काच लावली, दोन्ही हातांनी टेबल धरलं आणि डोळा खाली नेला.

निळं. सगळीकडे निळं. इथे एक तपकिरी ठिपका, बरंच पुढे गेल्यावर आणखी एक. फराट्यांमध्येसुद्धा, जिथे काल त्याने पाहणं थांबवलं होतं, तिथेही निळंच.

कार्सिनॉइड. त्या घराण्यातलं शांत टोक. कापून काढलं तर माणूस बहुतेक वेळा म्हातारा होऊन दुसऱ्याच कशाने तरी मरतो.

याला कॅन्सरसुद्धा मेला गुणाचा मिळाला, थोरल्याच्या मनात आलं. आईच्या मांडीपासून इथपर्यंत सगळं चांगलं तेवढं यालाच. तो विचार त्याने ढकलून दिला नाही. काच पुढे-मागे फिरवत, तपकिरी ठिपके मोजत, तो त्या विचारासकट बराच वेळ तिथेच बसला.

"निघालं ना सर, बरंच काहीतरी?" ताई दारात होत्या.

"कशावरून?"

"गुणगुणताय ना."

त्याने डोळा वर केला. "कोण? मी?"

"मग कोण? खात्री पटली की तुमचं सुरू होतं. बाहेर पोरी म्हणतात, सरांचं वाजलं, आता रिपोर्ट येणार." त्या जरा अडखळल्या. "काल नव्हतं वाजलं. मला वाटलं, भावाचं आहे म्हणून असेल."

"काय गुणगुणतो मी?"

"आता मला काय कळतंय त्यातलं. एकच आहे, नेहमीचं. आधी वर वर चढत जातं, मग मध्येच थांबतं. वाटतं, विसरलात. आणि मग हळूच, भलतीकडूनच खाली येतं. तो शेवट छान आहे."

"शेवट," थोरला म्हणाला.

"हो. मी इथे लागल्यापासून ऐकतेय."

त्या गेल्यावर त्याने दार लावून घेतलं. घसा साफ केला आणि गुणगुणून पाहिलं. काहीच आलं नाही. एक घोगरा सूर निघाला आणि त्याचा त्यालाच संकोच वाटला. मग तो पुन्हा भिंगावर वाकला. निळ्या पेशी, एक तपकिरी, पुन्हा निळ्या. तो बघत राहिला, आणि काही वेळाने स्वतःच्याच नाकातून येणारा आवाज त्याने न हलता ऐकला. चढत गेला. थांबला. आणि पलीकडच्या खोलीत पुस्तकातून डोळा न काढता त्याने जो इतकी वर्षं ऐकला होता, तो खिडकीतला, सिगारेटच्या धुरातला उरलेला अर्धा भाग हळूच खाली उतरला.

छातीच्या डॉक्टरांचा फोन लागायला वेळ लागला. तरुण माणूस होता, सभ्य आणि घाईतला.

"सर, रागावू नका," सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "पण सख्ख्या भावाची केस आहे. प्रेमापोटी माणसाला हवं ते दिसतं."

"प्रेमापोटी नाही," थोरला म्हणाला. "उलट झालं होतं. ते असो. काचा तुमच्याकडे पाठवतो, तुम्ही हव्या त्या माणसाला दाखवा. तुकडा लहान आहे, शेवटचं काय ते पूर्ण गाठ हातात आल्यावरच कळेल. पण सोमवारी केमो देऊ नका. सर्जनला दाखवा. आणि आठ वर्षं उजवीकडे शिट्टी वाजतेय, हे लिहून घ्या."

"हे त्यांनी मला सांगितलंच नाही."

"तो विनोद सांगतो. दुखणं सांगत नाही."

काचा बाहेरच्या दोन तज्ज्ञांनी पाहिल्या आणि दोघांचंही मत तेच पडलं. मगच थोरल्याने धाकट्याला फोन केला.

"म्हणजे कॅन्सर नाही?"

"आहे. पण संथ आहे. सर्जन म्हणतात, कापून काढू. फुप्फुसाचा थोडा भाग जाईल."

"आणि वाजवणं?"

"काही महिने नाही. मग येईल. पूर्वीइतका दमसास राहील असं सांगत नाही."

"पूर्वी तरी कुठे होता? आत भाडेकरू बसला होता ना." धाकटा हसला. थोरला खोकल्याची वाट बघत राहिला, पण खोकला आला नाही. पलीकडून ती बारीक शिट्टी तेवढी येत होती.

"दादा."

"हं."

"वहिनीला हा का नाही झाला रे?"

हेच थोरल्याने काचेवर वाकून विचारलं होतं, पण विचारताना त्याला धाकट्याचा राग आला होता. धाकट्याच्या आवाजात राग नव्हता, सुटल्याचा आनंदही नव्हता.

"माहीत नाही," तो म्हणाला. दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही. बऱ्याच वेळाने तिकडे कुणीतरी दार वाजवलं आणि धाकटा "आलो" म्हणाला.

संध्याकाळी सगळे गेल्यावर थोरला गुडघे टेकून बसला आणि फूटपट्टीने लिफाफा बाहेर ओढला. धाकट्याच्या पेटीच्या झाकणाची घडी करून ती त्याने त्या जागी सारली. टेबल दाबून पाहिलं. किंचित हलत होतं. त्याने आणखी एक घडी घातली.

पत्राचा कागद घडीच्या रेषेत काळा पडला होता, आणि ती रेषा बरोबर पिपाणी या शब्दावरून गेली होती. तो शेवटपर्यंत वाचून त्याने कोरा कागद पुढे घेतला. दोन कागद फुकट गेले. तिसऱ्यावर त्याने लिहिलं:

"चि. पिपाणीस आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. तिचा पुढचा भाग माझ्याकडे आहे. तो लिहून पाठवता येत नाही, आणि मुद्दाम म्हणायला गेलं की जातो. ऑपरेशनच्या आधी एक सकाळ मोकळी काढून इथे ये. मी भिंगाला डोळा लावून बसेन, तू शेजारी गप्प बस. ते तुला जमेल की नाही, शंका आहे. ट्रंपेट आणू नकोस. मी एकदाच म्हणेन."

पोस्टाची पेटी लॅबच्या कोपऱ्यावरच होती. लिफाफा अर्धा फटीत गेल्यावर त्याने तो तसाच धरून ठेवला. शेवटचं वाक्य खोडावं, असं त्याच्या मनात आलं. मग वाटलं, राहू दे. धाकट्याचा कान तयार आहे. एकदा ऐकलं की ती धून त्याची होणार.

त्याने बोटं सोडली.